दादा, मले रिअ‍ॅक्ट काहून नाही सांगितलं?

काका, काकू, भैया, दीदी, तुम्ही सगळे अजयदादासाठी आले. मागच्या आठवड्यात हार्ट अटॅक आला अन् हसता-बोलता माणूस गेला. मी अश्विनी, त्याची मानलेली बहीण. रायपूरच्या पंडरी कापडबाजारात वेबसाइट बनवायचं आमचं छोटं ऑफिस आहे. दिवसभर मी सांभाळते, दादा नवा रायपूरची नोकरी करून संध्याकाळी यायचा. मी त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचं ठरवून आली होती. आता ते तोंडातून निघत नाही.

कारण आत्ताच त्याच्या कंपनीतले भैया बोलून गेले. तुम्ही ऐकलं ना? "अजय सर हमारे यहाँ रिएक्ट के उस्ताद थे. हर नए बच्चे को कहते थे, पहले रिएक्ट सीखो, नौकरी उसी में है." तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मी मात्र हे पहिल्यांदाच ऐकलं.

काकू, तुमच्या लेकाबद्दल बोलून राहिली, माफ करा. पण बोलू द्या.

रिअ‍ॅक्ट अन् व्ह्यू, दोन्ही वेबसाइट बनवायची साधनं. कॉलेज झाल्यावर मी त्याले विचारलं होतं, "दादा, पहिले काय शिकू? रिअ‍ॅक्ट की व्ह्यू?" तो लगेच म्हणाला, "व्ह्यू शीक. आपल्या रायपुरात रिअ‍ॅक्टले विचारते कोण?" झालं! मी व्ह्यू शिकली. मन लावून शिकली. व्ह्यू वाईट नाही हो, कापडवाल्यांच्या साइटी मी त्याच्यातच बनवते. पण इंटरव्ह्यूले गेली की पहिला प्रश्न, "रिएक्ट आता है?" नाही म्हटलं की घरी. रडत ऑफिसात आली तर दादानं चहा मागवला. म्हणे, "जाऊ दे ना. आपलं काम आहे ना?" तुझ्या कंपनीत काय चालते विचारलं, तर म्हणायचा, "जुनाट काम आहे, तुले बोअर होईल."

खोटं बोलला तू, दादा. माझ्या तोंडावर खोटं बोलला.

मी नोकरीले गेली असती तर पंडरीचं ऑफिस कोणी उघडलं असतं? म्हणून का? परक्या पोरांले खरं सांगितलं. मले काहून नाही? मी राखी बांधत होती तुले! आता विचारू कोणाले? हार घातलेल्या फोटोले?

काकू, दादा गेला त्या दिवशी तुमच्या गळ्यात पडून रडली, ते खरं होतं. आजचा रागही खरा आहे.

चला, सगळे उभे राहा. दादासाठी दोन मिनिटं मौन पाळू.

दादा, तुले नमस्कार करते. माफ नाही केलं.