टोपणाखालचं पांढरं

अरिहंत : ...परत बघा, नानासो. ऑइलच्या टोपणाखाली हे लोण्यासारखं पांढरं आलंय. म्हणजे पाणी ऑइलात जातंय. हेड गॅस्केटच गेलं ना?

नानासो : लक्षान तेच हाय. पर लगीच इंजिन खोलायचं न्हाई. आदी तपासू की.

जिनदत्त : तपासायचं काय त्यात? पोरगं म्हणतंय न्हवं, गेलं म्हणून! ऱ्हाऊ दे गाडी तुज्या गॅरेजात पंदरा दिस.

अरिहंत : पंधरा दिवस? आण्णा, आणि आईला मिरजेला कोण नेणार? गाठीला किरणांचा शेक द्यायचा एकही दिवस चुकवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. त्यासाठीच ही टर्बोची गाडी तुमच्या दारात ठेवून मी पुण्याला गेलो. माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही...

जिनदत्त : हुईल कायतरी.

नानासो : दादा, गाडी चालू करा. रेस द्या. आजून. हां... पाण्याच्या टाकीत बुडबुडं न्हाईत. पाइप फुगून कडक झाला न्हाई. पाणी बी खुणेला हाय.

अरिहंत : आणि सकाळचा पांढरा धूर?

नानासो : थंडीची वाफ ती. बगा, गेली. टर्बोची पाण्याची नळी बी कोरडी. गॅस्केट ठणठणीत हाय गड्या!

अरिहंत : मग हे पांढरं कशाचं?

नानासो : इंजिन तापायच्या आत बंद हुतंय. दारातनं काढली, कोपऱ्यावर नेली, बंद. आत घाम धरतो, त्यो ऑइलात मिसळतो. लांब फिरणाऱ्या गाडीला आसं हुईत न्हाई.

अरिहंत : ही रोज मिरजेला जाऊन येते.

नानासो : मिरजेला? न्हाई दादा.

(जिनदत्त टोपण हातात घेऊन धोतराच्या सोग्यानं पुसत राहतात.)

अरिहंत : आण्णा, रोज सकाळी आईला गाडीत बसवून कुठं नेता?

जिनदत्त : कोपऱ्यावरच्या बस्तीत. देवळात देवाम्होरं बसती घटकाभर. मग आणतो घरला.

अरिहंत : आणि शेक?

जिनदत्त : पयल्या आठवड्यात नेलं की. तिला एकटीला मशीनखाली निजवत्यात आन् भाईरनं दार लावत्यात. थरथरत आली रं. म्हणाली, आवं, परत हितं आणलं तर मी अन्न सोडीन.

अरिहंत : मला तर रोज फोनवर सांगायची, शेक झाला, बरं वाटतंय!

जिनदत्त : तू भ्याशील म्हणून.

अरिहंत : आणि तुम्हाला भीती नाही वाटली?

जिनदत्त : लय वाटती. म्हणून तर म्हणत हुतो, गॅस्केट गेलं आसलं तर बरं. दोष गाडीवर गेला आसता.

नानासो : आण्णा, टोपण द्या. लावतो.

अरिहंत : उद्या मी नेतो तिला. दाराला लागून उभा राहतो, आतनं हाक मारलीस तर ओ देतो, असं सांगतो. तुम्ही कुठं उभे राहायचात?

जिनदत्त : मी? मी गाडीतनं उतरतच न्हवतो रं.