आबांचा सिनेमा

थिएटर बरं का गाडीत बसून सिनेमा बघणं बरं, हे मला इचारू नका राव. आता इलाज न्हाई म्हणून दवाखान्यानं आमच्या आबांना घरी न्यायला सांगितलं, तवा ते म्हणाले, "एकदा मोठ्या पडद्यावर सिनेमा दाव."

थिएटरचा जिना त्यांना झेपणारा नव्हता. म्हणून आमच्या मढ गावातनं गाडी काढली आणि हायवेलगतच्या मैदानात, उघड्यावरच्या मोठ्या पडद्यासमोर लावली. मागच्या सीटवर आई आणि आबा. सिनेमा विनोदी व्हता, मी पोट धरधरून हसलो. संपल्यावर वळून इचारलं, "आबा, आवडला का?"

आबांचा हात हातात धरून आई म्हणाली, "मध्यंतरातच गेलं रं ते."

"मग तवाच सांगितलं का न्हाईस?"

"तू लई दिसांनी हसत व्हतास."