साचेखात्यातलं बोलणं

मिलच्या मागांनी नत्थुजींचे कान नेले, आणि पुढे घरातलं त्यांचं बोलणंही गेलं. सीमा त्यांना मशीन लावायला अकोल्याच्या कानाच्या दवाखान्यात घेऊन आली होती. समोरच्या बाकावरचे दाढीवाले म्हातारबा एकदम गरजले.

“बाई, पंखा लावा ना!”

नत्थुजींनी मान वर केली.

“तुमी मिलमधले का हो?”

“तुमाले कसं समजलं?”

“इतक्या जोरानं दुसरं कोन बोलते!”

“साचेखात्यात होतो, मागावर, रातपाळीले. रहमतुल्ला.”

“मी नत्थू, दिवसपाळीवाला. तुमी कोनत्या मागावर?”

“खिडकीजवळच्या.”

“अरे, तोच माह्या! सकाळी मी यायच्या आत सुताचा गुंता करून जानारा तूच का बे?”

“आन् मागावर तंबाखूचा चुना पुसून जानारा तू!”

दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. सीमा उठून वडिलांच्या पुढ्यात आली.

“बाबा, काकाचं तुमाले ऐकू येते?”

“ऐकू कायले? ओठ दिसते ना त्याचे. मागांच्या गोंगाटात आमी असंच बोलत होतो.”

“मंग घरी काहून नाही बोलत?”

“घरी तुमी सारे मोबाईलकडं पाहून बोलता, पोरी.”

सीमानं हातातला मोबाईल पिशवीत टाकला आणि खुर्ची ओढून ती दोघांना दिसेल अशी बसली.

“आता सांगा, बाबा. चुना कोन पुसत होतं?”