सीमेच्या दगडाला वळसा

जावई: अहो, आडोशाला चाललोय, लढाईला नाही!

सासरे: तरी ऐका. डावीकडून जाताय ना, डावीकडूनच परत या. सीमेच्या दगडाला पूर्ण वळसा घालायचा नसतो. जुने पहारेकरीसुद्धा पाळायचे.

जावई: आणि कोणी उजवीकडून आला तर?

सासरे: त्याला घरी नेत नसत.

जावई: वा! दोन्हीकडची राज्यं बुडाली, सीमा पुसली गेली, राहिले हे दगड आणि तुम्ही. तुमची लेक मात्र मजेत खाली गाडीत बसलीय. म्हणे, ‘बाबांबरोबर एक दिवस चाल, जरा बोल.’ बोललो की सकाळपासून!

सासरे: बोललात. मोबाईलशी.

जावई: तिची तक्रार आली वाटतं?

सासरे: ती तक्रार करत नाही. बॅग घेऊन येते आणि जुन्या खोलीत दार लावून बसते. या खेपेला तिने सगळे कपडे आणलेत.

जावई: आलोच. मग द्या काय ते व्याख्यान.

(पावलं दगडामागे जातात. धुकं उतरतं. बराच वेळ काहीच ऐकू येत नाही.)

सासरे: जावईबापू? अहो, झोप लागली की काय?

जावई: आलो, बाबा.

सासरे: उजवीकडून आलात.

जावई: हो का? माफ करा. ती पिशवी द्या इकडे. उतारावर तुमचा गुडघा दुखतो.

सासरे: माझ्या गुडघ्याची आणि तुमची ओळख कधी झाली?

जावई: पाय जपून टाकता तुम्ही. दिसतं ना.

सासरे: लग्न झाल्यापासून तुम्ही मला ‘अहो’ म्हणत आलात. आज एकदम ‘बाबा’?

जावई: चुकलंच माझं.

सासरे: अरे देवा. बरं, एक सांगा. माझ्या मुलीला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?

जावई: बोलताना कोणी मध्येच तोडलं की. मग ती वाक्य पुरं करतच नाही.

सासरे: बरोबर. त्याला हे कधीच कळलं नाही.

जावई: कोणाला, बाबा?

सासरे: मोबाईल कुठाय तुमचा?

जावई: काय कुठाय?

सासरे: काही नाही. या गारठ्यात बोलताना माझ्या तोंडातून वाफ येतेय. तुमच्या येत नाही.

जावई: मी बोलतो कमी. ऐकतो जास्त.

दगडामागचा आवाज: अहो! काही दिसत नाहीये मला! नुसती एक हाक मारा ना, आवाजावर येतो!

जावई: तुम्ही म्हणाल तसं, बाबा. मी थांबतो.

दगडामागचा आवाज: अहो! ऐकताय ना?

सासरे: चला, उशीर होतोय. आणि थंडीत तिच्यासमोर तोंडावर मफलर ठेवत जा.