शिलालेखाला दिलेले दोन हात

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे निवृत्त होणाऱ्या आपल्या या संग्रहालयाच्या बाई, आणि चहा कुठवर आला याचा कानोसा घेत बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी चौथी नापास, धंदा रंगकामाचा. तरी मला भारतीय लोकांच्या सांस्कृतिक आणि ऐतिहासिक वारशावर बोलायला सांगितलंय. हरकत नाही. माझ्याआधी तिघे बोलले, त्यांचं तरी कुठे अडलं?

पण वारशाशी माझा संबंध आहे. मी त्याला रंग दिलाय. चार वर्षांपूर्वी मोठे पाहुणे येणार म्हणून संग्रहालय समितीचं फर्मान निघालं, वारसा चकचकीत दिसला पाहिजे. संग्रहालयाच्या दारातला आठशे वर्षांचा शिलालेख मी चॉकलेटी ऑइलपेंटने रंगवला. चांगले दोन हात! पाहुणे म्हणाले, "वा! अगदी नवा वाटतो." अध्यक्षांची छाती अशी फुगली, की हार तोकडा पडला.

बाई रजेवरून परतल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, आजोबांच्या फोटोवर असाच ब्रश फिरवाल का हो?"

"आमच्याकडे आजोबांचा फोटोच नाही, बाई."

"मग हाच समजा."

पुढची दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी कापसाच्या बोळ्याने एकेक अक्षर मोकळं केलं. बक्षीस काय? कारणे दाखवा नोटीस! समितीच्या सुशोभीकरणाची हानी केली म्हणून. आणि लेख वाचला तर त्यात तळं खोदणाऱ्या सतरा मजुरांची नावं. त्यातली एक तर चुना मळणारी बाई. अध्यक्ष खट्टू झाले. "एकही राजा नाही? मग कसला वारसा?" नाही म्हणू नका साहेब, मी तिथेच शिडीवर होतो. शिडीवरच्या माणसाला लोक भिंत समजतात.

बाईंच्या निरोपाची तारीख ठरली आणि मला कामाचा कागद आला. सोमवारपासून शिलालेख पुन्हा रंगवणे. या खेपेला सोनेरी! बाई, बसा, उठू नका. तुम्हाला कळू न देण्याचाच बेत होता.

अध्यक्षमहाराज, हा घ्या तुमचा कागद. आमच्या धंद्यातल्या एकेकाला मी दगडापुढे उभं केलं आणि बाईंनी लिहून दिलेली सतराही नावं वाचून दाखवली. आता ब्रश उचलणारा कुणी मिळायचा नाही. हौस असेलच तर शिडी मी देतो, चढायचं तुम्ही.

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. रंगाची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती मी येताना दारातच मागून आलोय.