एकाच मॅचची गोलकी

आमी मूळचे सोनईचे. आई-वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे, मग वडलांना जिल्ह्याच्या गावाजवळ नागापूरच्या एमआयडीसीत काम लागलं आन सगळे इकडं आलो, एका खोलीत. बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, आन दिवेलागणीला आई आमा भावंडांना वंदनेला बसवायची, ती झाल्याबिगर ताट न्हाई. पन तुमी फुटबॉलचं विचारताय, तिकडं येते.

काय सांगू तुम्हाला, फुटबॉल काय मी हौसेनं धरला न्हाई. शाळेत शेख सर पीटीला हुते, त्यांनी पोरींची टीम काढली, पळायला सगळ्या तयार, गोलकी म्हनून कुनी उभं राहीना. मैदान सगळं मुरमाचं, पडलं की कातडं सोलून निघायचं. मी उंच, म्हनून मला ढकललं. सर म्हनायचे, सुनंदा, पडायचं न्हाई, उभ्यानं घ्यायचा बॉल, पाय हलव, बॉलच्या समोर जा, हाडं मोडली तर सरकार नवी देनार न्हाई. तशीच शिकले मी. आमच्याकडच्या सगळ्या गोलकी तशाच, उभ्या. चूक झाली की सर कडंनं वरडायचे, सुनंदे, झोपलीस का गं, उठ, चहा सांगू का तुला? सगळ्या पोरी हसायच्या, मीबी हसायचे, आन पुढचा बॉल सुटायचा न्हाई.

मग जिल्हा खेळले, राज्य खेळले, आन एक दिवस देशाच्या कॅम्पाला बोलावनं आलं. मुलींची ज्युनियर टीम, थायलंडला स्पर्धा, आशियातल्या देशांची. चुलती म्हनली, ढोपरं फोडून आल्यावर तुला कोन करील गं? वडील म्हनले, ती देशाकडनं चाललीय, ढोपराकडनं न्हाई. असे वडील हुते माझे, म्हनून गेले.

कॅम्पात मैदानाला गवत. एवढं हिरवं गवत आन त्यात एक जनावर न्हाई, हे मी पहिल्यांदा बघितलं. टीममधी कुनी मणिपूरची, कुनी बंगालची, कुनी केरळची, जिची तिला सोबत हुती. महाराष्ट्रातली मी एकटी. हिंदी माझी शाळेतली, त्यांचीबी मोडकी. जेवताना त्या आपापल्यात हसायच्या, मी ताटाकडं बघायचे. वाईट न्हाई वागलं कुनी, खोटं कशाला बोलू, पन दिवसभर माझ्या तोंडातनं आपलं एक वाक्य निघायचं न्हाई. न्हानीत नळ सोडून मी माझ्याशीच मराठीत बोलायचे.

कोच सर सारखे म्हनायचे, गिरो, गिरो. पड म्हनायचे. डोक्याला कळायचं, अंगाला कळत नव्हतं. बॉल आला की पायच पळायचे. म्हनून पहिली गोलकी मेमचा, मणिपूरची, मांजरासारखी पडायची, आन मी दुसरी. थायलंडला सगळ्या मॅचा मी बाकावर बसून बघितल्या. पाठीवर देशाचं नाव, पायात पोरांच्या टीमची जुनी बुटं, पुढं कापूस कोंबलेला. पोरींना नवी बुटं का न्हाईत, हे तवा विचारायचं सुचलं न्हाई, आता रोज सुचतं. तवा मला एकच पायजे हुतं, एक मॅच. बाकावर बसून परत आले तर आले कशाला मी?

शेवटची मॅच यजमान पोरींशी. मध्यंतराच्या आधी मेमचाचं बोट मोडलं आन सरांनी माझ्याकडं बघितलं. मी उठले. पाऊस पडून गेलेला, गवत ओलं. पहिला बॉल आला, खाली, डाव्या बाजूला. मुरमावर असा बॉल आपटून वर येतो, तवर मानूस पोचतो. मी आपली पळाले, उभीच. बॉल वर आलाच न्हाई, गवतावरनं सरकत गेला जाळीत. मी वाट बघत राहिले कुनीतरी वरडंल म्हनून. कुनी वरडलं न्हाई. एका पोरीनं नुसती पाठ थोपटली. एवढी मानसं भोवती, आन मला शिव्या घालायला एक मानूस नव्हतं.

मग तसाच दुसरा आला, उजव्या बाजूला. काय झालं मला म्हाईत न्हाई, मी पडले. आयुष्यात पहिल्यांदा अंग झोकून दिलं, बॉल बोटाला लागून बाहेर गेला, आन गवत किती मऊ, काय सांगू, गादीच. तशीच पडून राहिले जरा. उठले आन सवयीनं कडंला बघितलं. शेख सर उभे राहायचे ती जागा मोकळी.

मॅच त्या एका गोलनं हरलो. संध्याकाळी राहत्या जागेच्या आवारात एक बुद्धाची मूर्ती हुती, तिथं त्यांची गोलकी गुडघ्यावर बसून काहीतरी पुटपुटत हुती. चाल निराळी, पन शब्द माझ्या आईचे. बुद्धं सरणं गच्छामि. मी शेजारी बसून म्हनायला लागले. तिनं डोळे उघडले, मग दोघींनी पंचशील शेवटपर्यंत म्हनलं. झाल्यावर दोघी एकमेकींकडं बघत बसलो. पुढं बोलायला शब्दच नव्हते आमच्याकडं. ती हसली आन गेली. तिकडं कुनाशी मन लावून बोलले असंन तर तेवढंच.

परत आल्यावर सत्कार झाला, हार, लाऊडस्पीकर. पुढारी म्हनला, आपल्या लेकीनं परदेशात गोलवर गोल मारले. गोलकीनं! पोरींच्या मैदानाला जागा द्या म्हनून वडील उठून बोलले, तर त्यांना हात धरून खाली बसवलं. शेख सरांची बदली झाली हुती जामखेडला. मी पडले, हे ज्याला कळलं असतं तेच मानूस नव्हतं. जाऊ जाऊ म्हनत राहिले, तोवर सर गेल्याचीच बातमी आली.

आता मी कारखान्यात पॅकिंगला हाय. शाळेच्या टीममधल्या पोरी नांदायला गेल्या. पुढं खेळनाऱ्यानं भिंतीवर एकट्यानं बॉल मारला तरी भागतं, गोलकीला मारनारं दुसरं कुनीतरी लागतंच. म्हनून सुटलं माझं.

परवा पेपरात देशाच्या पोरींच्या नव्या टीमचा फोटो आला. गोलकी कुठल्यातरी लांबच्या खेड्यातली हाय. लई वेळ बघितलं मी तिच्याकडं. ती पडायला शिकलेली असंल, बुटंबी मापाची असतील. एवढंच म्हनते, मैदानाच्या कडंला तिच्या बोलीत तिच्यावर वरडनारं एक मानूस तिला मिळू दे.