आठवा आठवडा

डिचोलीच्या हृदयतज्ज्ञांकडे नंबर लागायला अवकाश होता. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले रघुवीर मास्तर वर्तमानपत्र चाळीत होते, पण त्यांचे कान पुढच्या बाकावर होते. तिथे हळर्णचे एक वृद्ध गृहस्थ, त्यांचा मुलगा योगेश आणि प्रयोगशाळेत नोकरी करणारी मुलगी रेश्मा बसली होती.

“ही कुपी नेटवरून मागवली गो. पेशींना ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचणारं औषध, पेप्टाइड. तुमच्या लॅबमध्ये हेच टोचतात ना?”

“उंदरांना टोचतो, दादा. कुपीवर काय लिहिलंय ते वाचलंस?”

“‘फक्त संशोधनासाठी.’ तू मला वाचायला शिकवू नकोस. बाबांचं हृदय पंचवीस टक्के चालतंय. उंदरांचं सुधारलं की नाही, तेवढं सांग.”

“सुधारलं. पेशींतले मायटोकॉन्ड्रियासुद्धा धडधाकट दिसले.”

“मग बाबांना द्यायला तुझं काय जातं?”

“ते दिसतात कसे, हे विचार ना. टोचायला लागल्यापासून आठव्या आठवड्यात उंदीर मारतो आणि हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो.”

“बरे झालेलेसुद्धा?”

“त्यांचंच तर बघायचं असतं.”

“आणि पुढे?”

“नववा आठवडा आम्ही एकाही उंदराचा बघितलेला नाही.”

इतका वेळ डोळे मिटून बसलेले वडील बोलले.

“योगेश, चवथ केन्ना रे?”

“गणेश चतुर्थीला अजून बारा आठवडे आहेत, बाबा.”

“मग ती कुपी रवूं दे तुझ्या खिशात. आत गेल्यावर डॉक्टरांना माझ्या रोजच्या गोळ्यांचंच विचार.”